कलणे, वळणे आणि मर्यादा : विमान-नियंत्रणातील सिद्धान्त व व्यवहार

प्रास्ताविक

हवेतील विमान तीन अक्षांभोवती फिरू शकते. नाक वर किंवा खाली गेले म्हणजे त्या हालचालीस पिच म्हणतात; एक पंख खाली व दुसरा वर होऊन विमान कुशीवर कलले म्हणजे तो रोल; आणि नाक डावीकडे अथवा उजवीकडे वळले म्हणजे तो यॉ. पहिल्या हालचालीसाठी शेपटीचे आडवे पाते, दुसरीसाठी पंखांच्या मागील कडेस टोकाजवळ बिजागरीने जोडलेल्या एलेरॉन नामक फळ्या आणि तिसरीसाठी उभ्या शेपटीचे सुकाणू, अशी साधनांची वाटणी पाठ्यपुस्तकांतून दिलेली असते. ही मांडणी शिकविण्यास सोयीची आहे, परंतु विमान तिला बांधलेले नाही. एलेरॉन हलविले असता नाकही वळते, सुकाणू फिरविले असता पंखही कलतो, आणि काही परिस्थितींत केवळ कलण्याच्या वेगानेच नाक वर उसळते.

हालचालींच्या या परस्परावलंबनामुळे ‘हे विमान किती वेगाने कलू शकेल’ आणि ‘सुकाणू किती फिरविणे सुरक्षित आहे’ हे प्रश्न विमानविद्येच्या आरंभापासून उपस्थित झालेले आहेत. त्यांची उत्तरे आकड्यांत द्यावी लागतात व असा प्रत्येक आकडा ही एक मर्यादा ठरते. तथापि कोणतीही मर्यादा निरपेक्ष नसते. तिच्यामागे गृहीते असतात : पंख वाकत नाही, हालचाली लहान आहेत, वैमानिक एकच हालचाल करील, इत्यादी. या विषयाच्या इतिहासाकडे बारकाईने पाहता असे आढळते की, मोठे अपघात बहुधा गणित चुकल्यामुळे झाले नाहीत. आकडा पुढे गेला आणि त्याची गृहीते मागे राहिली, म्हणून झाले. प्रस्तुत निबंधात या विधानाची निवडक प्रसंगांच्या आधारे तपासणी केली आहे.

१. राइट बंधू आणि उलटे वळण

जर्मनीतील ओटो लिलिएंथाल हे आपल्या ग्लायडरला लटकून, शरीराचा भार इकडे तिकडे झुकवून तोल सावरीत. ऑगस्ट १८९६ मध्ये ग्लायडर कोसळून झालेल्या दुखापतीने ते मरण पावले. अमेरिकेतील डेटन येथील विल्बर व ऑरव्हिल राइट या बंधूंनी या पद्धतीचा अपुरेपणा ओळखला. शरीराचा भार ठरावीकच असतो. त्यामुळे यंत्र मोठे होत जाते तसतसा त्याचा प्रभाव घटतो. म्हणून १८९९ मध्ये त्यांनी पतंगावर निराळा प्रयोग केला. पंखांची टोके दोऱ्यांनी परस्परविरुद्ध पिळली असता एका बाजूची उचल वाढते, दुसऱ्या बाजूची घटते आणि यंत्र कलते, हे त्यांनी सिद्ध केले.

यावरून पुढचा सिद्धान्त सरळ दिसत होता : यंत्र ज्या बाजूस कलेल त्या बाजूस ते वळेल. १९०१ मध्ये किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवर तो सिद्धान्त अडखळला. डावा पंख खाली करावा, तर ग्लायडरचे नाक कधी कधी उजवीकडे वळू लागे. याचे कारण असे की, ज्या पंखाची उचल वाढविली जाते त्याचा रोधही वाढतो. वर गेलेला पंख मागे रेंगाळतो आणि नाकास आपल्याकडे ओढतो. कलण्याचे साधन हेच नकळत उलट वळविण्याचेही साधन झाले होते.

१९०२ च्या ग्लायडरला त्यांनी मागे उभी, पक्की बसविलेली पाती जोडली. त्यामुळे उलटे वळण आटोक्यात आले, परंतु नवेच संकट उभे राहिले. खाली गेलेल्या पंखाच्या दिशेने यंत्र घसरू लागले की वारा त्या पक्क्या पात्यांवर बाजूने आदळे व नाक त्याच दिशेस अधिक वळे. खालचा पंख मंद होऊन आणखी खाली जाई आणि यंत्र गरगरत वाळूत रुते. राइट बंधू या प्रकारास विनोदाने ‘विहीर खणणे’ म्हणत. पाते फिरते करावे ही सूचना ऑरव्हिल यांची. ते पंख पिळण्याच्या यंत्रणेलाच दोऱ्यांनी जोडावे ही विल्बर यांची. या जोडणीने कलणे व वळणे यांचा मेळ बसला. मार्च १९०३ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला तो याच व्यवस्थेसाठी आणि त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी उडालेल्या यंत्रावरही तीच होती.

परंतु ‘पंख इतका पिळला तर सुकाणू इतके फिरावे’ हे ठरीव प्रमाण मंद व सरळ उड्डाणात लाभलेल्या अनुभवावर आधारलेले होते. १९०५ मध्ये लहान घेऱ्यांची वर्तुळे घेण्यास सुरुवात होताच ते अपुरे ठरले. म्हणून सुकाणू पंखांच्या यंत्रणेपासून सोडवून त्यास स्वतंत्र दांडा देण्यात आला. तेवढ्यानेही प्रश्न पूर्ण सुटला नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरीस एका झाडाभोवती वळताना यंत्र कलले ते सावरेना. अरुंद वळणात खालच्या पंखावरील वायुप्रवाह तुटण्याच्या बेतास येतो व मग पंख पिळूनही उचल वाढत नाही. नाक खाली करून वेग वाढविणे हाच उपाय आहे, असे तेव्हा ध्यानात आले. पेटंट हाती पडले ते मे १९०६ मध्ये. म्हणजे त्यात वर्णिलेली जोडणी शोधकर्त्यांनी स्वतःच्या यंत्रावरून आदल्या वर्षीच काढून टाकली होती. सिद्धान्त लेखी स्वरूपात स्थिर होतो न होतो तोच व्यवहार त्याच्या पुढे जातो, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

२. ब्रायन यांचे गणित व त्याची गृहीते

युरोपात या काळी व्यवहार मागे होता. हेन्री फार्मन यांनी १३ जानेवारी १९०८ रोजी पॅरिसजवळ एक किलोमीटरचे बंद वर्तुळ पूर्ण केले, ते पंख कलविण्याच्या कोणत्याही साधनावाचून, केवळ सुकाणूच्या बळावर. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विल्बर राइट यांनी ल मां शहराजवळ कललेली वळणे घेऊन दाखविली, तेव्हा फ्रेंच प्रेक्षकांना त्यातील अंतर उमगले. सैद्धान्तिक बाजूवर मात युरोपातच झाली. वेल्समधील बँगोर येथील गणिताचे प्राध्यापक जी. एच. ब्रायन यांनी विल्यम्स यांच्यासह १९०४ मध्ये ग्लायडरच्या स्थैर्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि १९११ मध्ये विमानाच्या स्थैर्यावरील आपला ग्रंथ पूर्ण केला. आजही विमानाच्या गतीचे गणित ज्या चौकटीत शिकविले जाते ती मूलतः त्यांचीच आहे.

ब्रायन यांनी विमान हा एक ताठर पदार्थ मानला व त्याच्या गतीची सहा समीकरणे मांडली. त्यानंतर त्यांनी असे गृहीत धरले की, विमान सरळ व स्थिर उड्डाण करीत असून त्यास होणारे विक्षेप लहान आहेत. लहान राशीस लहान राशीने गुणिले असता येणारा गुणाकार नगण्य असतो. एक शतांश गुणिले एक शतांश म्हणजे एक दशसहस्रांश. असे सर्व गुणाकार वगळले आणि विमानाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत हे ध्यानात घेतले, की सहा समीकरणांचे दोन स्वतंत्र गट पडतात. एका गटात पुढे-मागे, वर-खाली व पिच या हालचाली येतात. दुसऱ्यात बाजूस घसरणे, कलणे व वळणे.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की, कलणे व वळणे यांची ताटातूट ब्रायन यांनी केली नाही. ती एकाच गटात राहिली. राइट बंधूंनी वाळूत शिकलेला धडा या गणितात सुरक्षित आहे. दुसरी ही की, पिच मात्र त्या दोहोंपासून वेगळा पडला, आणि तो निसर्गात वेगळा आहे म्हणून नव्हे, तर गुणाकार वगळले म्हणून. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लेनर्ड बेअरस्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुबोगद्यात मापने घेऊन या समीकरणांत प्रत्यक्ष आकडे भरले. गणित उपयोगी ठरले, सर्वत्र शिकविले जाऊ लागले आणि त्याच्या मुळाशी असलेली ‘ताठर’ व ‘लहान’ ही दोन विशेषणे हळूहळू नजरेआड झाली. पुढील चाळीस वर्षांत ही दोन्ही विशेषणे, एकामागून एक, व्यवहाराने खोडून काढली.

३. ताठर पंख आणि मानवी बाहू

पंख ताठर मानला तर कलण्याचा वेग विमानाच्या वेगाबरोबर त्याच प्रमाणात वाढत जावा. १९२७ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल कंपनीच्या बॅगशॉट या दुइंजिनी एकपंखी विमानाच्या चाचणीत याच्या नेमके उलट घडले. वेग वाढला तसे एलेरॉन निष्प्रभ होत गेले व अखेर उलटे काम करू लागले. कारण शोधता असे आढळले की, एलेरॉन खाली झुकविले असता त्यावरील वायुबल पंखाची मागील कड वर ढकलते आणि पंखास असा पीळ देते की त्याची पुढची कड खाली जाते. एलेरॉनने मिळविलेली उचल हा पीळ घालवून बसतो. वायुबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, पंखाचा ताठरपणा मात्र आहे तेवढाच राहतो. यास्तव एका विशिष्ट वेगास दोन्ही परिणाम समसमान होतात आणि त्यापलीकडे वैमानिकाने उजवीकडे कलविलेले विमान डावीकडे कलते. हॅरॉल्ड रॉक्सबी कॉक्स व आल्फ्रेड पग्स्ली यांनी १९३२ मध्ये या घटनेचे गणित प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून ‘उलटण्याचा वेग’ ही राशी पंखाच्या आराखड्यात आवश्यक होऊन बसली.

पंखाप्रमाणेच वैमानिकाच्या बाहूचे बळही मर्यादित असते. एलेरॉन फिरविण्यास लागणारा जोरदेखील वेगाच्या वर्गाने वाढतो. १९४० मध्ये हाती लागलेल्या जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाची चाचणी फार्नबरो येथे घेण्यात आली, तेव्हा ताशी ४०० मैल वेगास वैमानिकाला सर्व शक्ती लावूनही एलेरॉन पूर्ण मर्यादेच्या एकपंचमांशच फिरविता आले आणि ४५ अंश कलण्यास सुमारे ४ सेकंद लागले. विशेष हे की, ब्रिटनच्या स्पिटफायर विमानाची स्थिती त्या वेगास जवळजवळ तशीच निघाली. स्पिटफायरचे एलेरॉन तेव्हा कापडाने मढविलेले असत व अतिवेगात ते कापड फुगून दांडा अधिकच जड होई. पुढे त्यांच्या जागी धातूचे आवरण असलेले एलेरॉन आले आणि वैमानिकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. आराखड्याच्या कागदावर दोन्ही एलेरॉन सारख्याच कोनातून फिरत होते. फरक पडला तो वैमानिकाच्या हाताला.

१९४१ मध्ये अमेरिकेच्या विमानविद्या सल्लागार समितीच्या, म्हणजे नॅकाच्या, लँग्ली प्रयोगशाळेतील रॉबर्ट गिलरुथ व त्यांचे सहकारी टर्नर यांनी अनेक विमाने प्रत्यक्ष उडवून वैमानिकांच्या मताशी जुळणारी मोजणी शोधली. विमान कलत पुढे जात असता पंखाचे टोक हवेत मळसूत्रासारखी रेषा काढते. या मळसूत्राचा कोन ०·०७ रेडियन किंवा अधिक असेल तर वैमानिक कलण्याची क्षमता समाधानकारक मानतात, असे त्यांना आढळले. उदाहरणार्थ, ४० फूट पंखविस्ताराचे विमान ताशी ३०० मैलांनी जात असता हा कोन गाठण्यास त्याने सेकंदास सुमारे ८८ अंश या गतीने कलावयास हवे. या निकषाचे मोल असे की तो व्यवहारातून वर आलेला होता. परंतु त्यासही शर्त होतीच : दांड्यावरील जोर वैमानिकाच्या आवाक्यात असावा. ही शर्त घालून कलण्याच्या वेगाचा आलेख काढला म्हणजे तो सरळ वर चढत जात नाही. काही वेगापर्यंत चढतो, शिखर गाठतो आणि मग उतरतो. त्या काळच्या लढाऊ विमानांपैकी कोणते विमान कोणास मागे टाकील हे पुष्कळदा या शिखराच्या जागेवरून ठरे.

युद्धोत्तर काळात यंत्रशक्तीने चालणारी नियंत्रणे आली व बाहूची मर्यादा सुटली. पंखाची मात्र सुटली नाही. १९४७ मध्ये प्रथम उडालेल्या बोइंग बी-४७ या बाँबफेकी विमानाचे पंख लांब, पातळ व मागे झुकलेले होते. कमी उंचीवर सुमारे ४२५ नॉटपलीकडे जाण्यास त्यास मनाई करावी लागली, ती इंजिनाच्या दुर्बलतेमुळे नव्हे, तर एलेरॉन उलटण्याच्या भीतीने. त्याच कुळातील बी-५२ विमानाच्या १९५८ मध्ये उडालेल्या ‘जी’ आवृत्तीत एलेरॉनच काढून टाकण्यात आले आणि पंखाच्या पृष्ठावर उघडून त्या बाजूची उचल घटविणाऱ्या स्पॉइलर या पट्ट्यांवर कलण्याचे काम सोपविण्यात आले.

४. वगळलेला गुणाकार

ब्रायन यांचे दुसरे विशेषण ‘लहान’ हे होते. नॅकाच्या लँग्ली प्रयोगशाळेतील विल्यम एच. फिलिप्स यांनी १९४८ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. विमान एकसारखे कलत राहिले तर त्याच्या इतर दोन अक्षांभोवतीच्या स्थैर्याचे काय होते, असा त्याचा विषय होता. लांब धड व आखूड पंख असलेल्या विमानाचे बहुतेक वस्तुमान नाकापासून शेपटीपर्यंत एका ओळीत पसरलेले असते. असे विमान वेगाने कलू लागले आणि नाक फिरण्याच्या अक्षापासून किंचित जरी बाजूस असले, तर नाकाचे व शेपटीचे वस्तुमान बाहेर फेकले जाऊ पाहते, जसा दोन टोकांस वजने बांधलेला दांडा तिरपा फिरविला असता आडवा होऊ पाहतो. शेपटीची पाती विमानास परत सरळ करतात. परंतु कलण्याचा वेग एका मर्यादेबाहेर गेला की त्यांचे बळ अपुरे पडते. गणिताच्या भाषेत सांगावयाचे तर, कलण्याचा वेग व वळण्याचा वेग यांचा जो गुणाकार ब्रायन यांनी नगण्य म्हणून वगळला होता तोच आता प्रमुख पद होऊन बसतो. जुनी समीकरणे चुकीची नव्हती. परंतु सेकंदास २०० अंश कलणे यास लहान विक्षेप म्हणता येत नाही.

१९४८ मध्ये सेवेत असलेल्या बहुसंख्य विमानांचे पंख लांब होते व त्यांत वस्तुमानही पुष्कळ असे. त्यामुळे फिलिप्स यांचे टिपण उपलब्ध असूनही आराखडे करणाऱ्यांच्या नित्य व्यवहारात उतरले नाही. नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या एफ-१०० या विमानाचा पहिला नमुना मे १९५३ मध्ये उडाला. उत्पादनातील आरंभीच्या विमानांची उभी शेपटी नमुन्यापेक्षा आखूड करण्यात आली होती. १२ ऑक्टोबर १९५४ रोजी कंपनीचे अनुभवी चाचणी-वैमानिक जॉर्ज वेल्च हे अतिवेगातील चाचणी घेत असता विमान आवरेनासे होऊन हवेतच मोडले आणि ते मरण पावले. त्यानंतर पंधराच दिवसांनी, २७ ऑक्टोबर रोजी, नॅकाचे वैमानिक जोसेफ वॉकर यांनी एक्स-३ हे अत्यंत लांब नाकाचे व तोकड्या पंखांचे संशोधन-विमान केवळ एलेरॉन वापरून झपाट्याने कलविले. विमान कलले, आणि त्याबरोबर नाक अनावरपणे वर-खाली व आडवे हेलकावे खाऊ लागले. वॉकर यांनी दोन वेळा हा अनुभव घेतला व ते सुखरूप परतले. मोजणीची उपकरणे विमानात असल्यामुळे त्या हेलकाव्यांची नोंद हाती आली आणि फिलिप्स यांच्या टिपणाचा अर्थ सर्वांना प्रत्यक्ष दिसला.

उपाय अवघड नव्हता. एफ-१०० विमानांची उड्डाणे थांबविण्यात आली, उभ्या शेपटीचे क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढविण्यात आले व पंखांची टोके लांबविण्यात आली. म्हणजे जे ज्ञान सहा वर्षे कागदावर होते ते प्राणहानीनंतर पत्र्यात उतरले. तरीही प्रकरण संपले नाही. २७ सप्टेंबर १९५६ रोजी मिलबर्न ॲप्ट यांनी बेल एक्स-२ या रॉकेट-विमानात ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेग गाठला. असा वेग गाठणारे ते पहिले मानव. त्या वेगास उभ्या शेपटीची विमान सरळ ठेवण्याची शक्ती बरीच घटते, हे संगणकीय अभ्यासातून ठाऊक होते आणि वेग उतरल्याखेरीज वळू नये अशी सूचनाही होती. विमान अद्याप अतिवेगात असतानाच वळण सुरू झाले. ते कलू लागले, तिन्ही अक्षांभोवती गडगडले आणि ॲप्ट त्या अपघातात मरण पावले. रॉकेट-विमानातील ते त्यांचे पहिलेच उड्डाण होते. येथे मर्यादा ठाऊक होती व सांगितलीही होती. परंतु सांगितलेली मर्यादा आणि अंगवळणी पडलेली मर्यादा यांत जे अंतर असते ते भरून काढण्यास अवसर मिळाला नाही.

५. प्रवासी विमाने : दोन समजुती

उपरिनिर्दिष्ट प्रसंग चाचणी-विमानांचे व युद्धविमानांचे आहेत. प्रवासी विमानांत वेगवान कलणे नसते. म्हणून तेथे हा प्रश्न मिटला आहे असे वाटणे स्वाभाविक होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही समजूत खोटी ठरली.

३ मार्च १९९१ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आणि ८ सप्टेंबर १९९४ रोजी पिट्सबर्गजवळ बोइंग ७३७ जातीची दोन विमाने एकाएकी कलून कोसळली. पहिल्यात २५ व दुसऱ्यात १३२ जण मृत्यू पावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दीर्घ तपासानंतर १९९९ मध्ये दुसऱ्या अपघाताविषयी असा निष्कर्ष काढला की, सुकाणू फिरविणाऱ्या यंत्रणेतील झडप अडकल्यामुळे सुकाणू वैमानिकाच्या आज्ञेच्या उलट दिशेस पूर्ण मर्यादेपर्यंत फिरले असावे. पुढे पहिल्या अपघाताविषयीही तसेच मत देण्यात आले. परंतु सुकाणू वळविते, कलविते ते एलेरॉन. मग एलेरॉन व स्पॉइलर पूर्ण वापरून विमान सावरता का आले नाही?

याचे उत्तर तपासकाळातील उड्डाण-चाचण्यांनी दिले. सुकाणूमुळे नाक आडवे होते, हवा तिरपी लागते आणि मागे झुकलेल्या पंखांमुळे विमान कलू लागते. वेग जितका कमी व उचलीची मागणी जितकी जास्त, तितका हा परिणाम प्रबळ. यास्तव एक वेग असा असतो की ज्याच्या खाली पूर्ण फिरलेल्या सुकाणूस पूर्ण फिरविलेले एलेरॉन तोलू शकत नाहीत. पिट्सबर्गच्या विमानाच्या पंखपट्ट्या ज्या स्थितीत होत्या त्या स्थितीत हा वेग १९० नॉटच्या आसपास होता आणि विमानही सुमारे तितक्याच वेगाने जात होते. नाक वर ओढल्यास हा वेग आणखी वाढतो, आणि खाली कोसळणाऱ्या विमानातील वैमानिक सहजप्रवृत्तीने दांडा मागेच ओढतो. जून १९९६ मध्ये त्याच जातीच्या आणखी एका विमानाचे सुकाणू असेच अडकले; ते तेव्हा सुमारे २५० नॉट वेगाने जात होते व सुखरूप उतरले. यंत्रदोष तोच, पण विमान मर्यादेच्या वर होते. ‘एलेरॉन सुकाणूस आवरतील’ हे विधान खोटे नव्हते. ते कोणत्या वेगास खरे आहे एवढेच वैमानिकांस सांगितलेले नव्हते. यानंतर सुकाणूची यंत्रणा बदलण्यात आली आणि उड्डाणाच्या त्या टप्प्यातील वेग वाढविण्यात आले.

दुसरी समजूत अधिक खोल रुजलेली होती. प्रत्येक विमानास ‘युक्तिचालनाचा वेग’ नेमून दिलेला असतो. त्या वेगाच्या खाली कोणतेही नियंत्रण पूर्ण फिरविले तरी विमान मोडणार नाही, असा त्याचा अर्थ वैमानिकांत रूढ होता. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे फ्लाइट ५८७, एअरबस ए-३००-६०० जातीचे, पुढे गेलेल्या मोठ्या विमानाच्या भोवऱ्यांत सापडून किंचित हलले. सहवैमानिकाने सुकाणू एका बाजूस पूर्ण, मग दुसऱ्या बाजूस पूर्ण, असे सुमारे ७ सेकंदांत पुनःपुन्हा फिरविले. विमान या जातीस नेमलेल्या २७० नॉट वेगाच्या खालीच होते. तरीही उभी शेपटी तुटून पडली. विमानातील २६० व जमिनीवरील ५ जण प्राणास मुकले.

नियमांत गृहीत धरलेली परिस्थिती निराळी होती. सरळ उड्डाणात सुकाणू एकदा पूर्ण फिरवावे, विमान आडवे होऊन स्थिरावू द्यावे आणि मग सुकाणू मध्यावर आणावे, एवढाच भार आराखड्यात मोजावयाचा होता. आडव्या झालेल्या विमानात सुकाणू लगेच विरुद्ध टोकास नेले तर दोन्ही भार एकावर एक चढतात. मंडळाच्या २००४ मधील अहवालानुसार शेपटी तुटली ती अपेक्षित कमाल भाराच्या जवळजवळ दुप्पट भारास. नियमानुसार दीडपट पुरेशी असते. म्हणजे रचना नियमापेक्षा बळकट होती. शिवाय सुमारे २५० नॉट वेगास या विमानाचे पायपट्टे केवळ १·२ इंच दाबले की सुकाणू आपल्या मर्यादेस पोचे, आणि त्यासाठी लागणारा जोर ३२ पौंड होता. त्यांपैकी २२ पौंड पट्टा जागचा हलविण्यासच लागत. एलेरॉनच्या बाबतीत १९४० मध्ये जी मर्यादा बाहूच्या दुर्बलतेने आपोआप घातली जात होती ती येथे पायाला जाणवतच नव्हती. मंडळाने सुकाणूचा अनावश्यक व अतिरिक्त वापर हे कारण ठरविले आणि त्याबरोबरच सुकाणूची रचना व विमान-कंपनीचे प्रशिक्षण यांसही त्यात वाटा असल्याचे नमूद केले.

युक्तिचालनाचा वेग पुनरावृत्त हालचालींपासून संरक्षण देत नाही हे वैमानिकांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले जावे, असा बदल अमेरिकन नियमांत २०१० मध्ये झाला. सुकाणू उलटसुलट फिरविण्याची परिस्थिती आराखड्यातच मोजली जावी, हा नियम तेथे २०२२ मध्ये आला.

उपसंहार

वरील प्रसंगांत सिद्धान्त व व्यवहार यांचे नाते सर्वत्र एकसारखे नाही. राइट बंधूंच्या वेळी व्यवहार पुढे होता व सिद्धान्त मागून येत होता. बॅगशॉटच्या वेळी दोघांची भेट अकस्मात झाली. एफ-१०० च्या वेळी सिद्धान्त सहा वर्षे पुढे होता. फ्लाइट ५८७ च्या वेळी नियम, रचना व वैमानिक या तिघांनी एकाच आकड्याचे तीन अर्थ केले होते. यास्तव ‘सिद्धान्त कोता पडला’ किंवा ‘वैमानिक चुकला’ असे सरधोपट निदान इतिहासास मान्य होण्याजोगे नाही.

सर्वांत समान धागा आहे तो गृहीतांचा. पंख ताठर आहे, विक्षेप लहान आहे, वेग पुरेसा आहे, सुकाणू एकदाच फिरेल, ही चारही विधाने आपापल्या जागी योग्य होती आणि त्यांच्यावाचून गणित पुढे सरकलेच नसते. दोष गृहीत धरण्यात नव्हता. जे गृहीत धरले त्याची आठवण आकड्यासोबत न पाठविण्यात होता. आकडा अहवालातून आराखड्यात, आराखड्यातून पुस्तिकेत व पुस्तिकेतून वैमानिकाच्या मनात उतरतो. प्रत्येक पायरीस तो अधिक सुटसुटीत होतो आणि प्रत्येक पायरीस त्याची एखादी शर्त गळते. अखेरच्या पायरीवर असलेल्या मनुष्याला ती शर्त विचारण्यास वेळ नसतो. १९५६ मध्ये ॲप्ट यांना तो मिळाला नाही व २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या आकाशातही तो मिळाला नाही. म्हणून ती शर्त जपून ठेवण्याचे उत्तरदायित्व पहिल्या पायरीवरील, निवांतपणे गणित करणाऱ्या अभ्यासकावर अधिक येते.